शिखरांची मोजदाद

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्काय नावाचे एक डोंगराळ बेट आहे. त्या बेटाच्या दक्षिण भागात कूलिन नावाची काळ्या कातळाची पर्वतरांग घोड्याच्या नालासारखी वळलेली असून तिच्या कुशीत कोरुस्क नावाचे एक खोल सरोवर दडलेले आहे. सरोवराला तेथील गेलिक भाषेत लॉख असे म्हणतात. फार प्राचीन काळी एका हिमनदीने डोंगराचा तळ खरवडून काढला. पुढे बर्फ वितळून गेले आणि त्या खळग्यात पाणी साचून हे सरोवर निर्माण झाले. समुद्र तेथून अगदी जवळ आहे. तथापि सरोवराचा तळ समुद्राच्या पातळीच्याही पुष्कळ खाली गेलेला आहे. मोजणीत त्याची खोली १२५ फूट भरली. काठावर गाव नाही, शेत नाही, मोठे झाडही नाही. तिन्ही बाजूंनी उघडेबोडके कडे उभे असतात, त्यांच्या माथ्यावर धुके रेंगाळत असते आणि पाऊस पडू लागला की शेकडो ओहोळ एकदम पांढरे होऊन खाली धावू लागतात. सरोवराकडे जाण्यासाठी आजही समुद्रातून नावेने यावे लागते किंवा कित्येक मैलांची खडकाळ वाट तुडवावी लागते.

या सरोवराच्या पश्चिमेकडील धारेवर स्गूर डेअर्ग, म्हणजे तांबडे शिखर, नावाचा एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर कुऱ्हाडीचे पाते उभे रोवून ठेवावे तसा एक कातळाचा सुळका आहे. त्याची धार इतकी अरुंद आहे की, चढणाऱ्यास दोन्ही बाजूंची खोल दरी एकाच वेळी दिसते. इंग्रज गिर्यारोहकांनी त्याला अगम्य सुळका असे नाव दिले. १८८० साली पिल्किंग्टन आडनावाच्या दोघा भावांनी तो प्रथम सर केला, तरी त्याचे नाव मात्र बदलले नाही.

आज स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांहून उंच अशा २८२ पर्वतांची एक यादी प्रसिद्ध आहे. ती सर्व शिखरे पायांखाली घालण्याचा निश्चय करून दरवर्षी हजारो स्त्रीपुरुष डोंगरांची वाट धरतात. त्या सर्वांच्या मार्गात हा सुळका कधी ना कधी उभा राहतोच. ज्या गृहस्थांनी ही यादी प्रथम तयार केली, त्यांच्या नावावरून या पर्वतांना मन्रो असेच म्हणतात. परंतु नवल असे की, त्या गृहस्थांना स्वतःला हा सुळका कधीच चढता आला नाही. त्यांचे नाव सर ह्यू मन्रो.

ह्यू मन्रो याचा जन्म १६ ऑक्टोबर १८५६ रोजी लंडन शहरात झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत थोरला होता. त्याचे घराणे मूळचे स्कॉटलंडचे. त्या देशाच्या पूर्व भागात, किरिम्यूर गावाजवळ, लिंडर्टिस येथे त्यांची वडिलोपार्जित जहागीर होती. त्यामुळे ह्यूचे बालपण काही लंडनच्या गजबजाटात, तर काही लिंडर्टिसच्या माळावर आणि ओढ्याकाठी गेले. तेथून उत्तरेस पाहिले की डोंगरांच्या निळसर रांगा दिसत असत.

लहानपणापासून त्याला वस्तू जमविण्याचा मोठा छंद होता. फुलपाखरे, शिंपले, पक्ष्यांची अंडी, दगडात उमटलेले प्राचीन जीवांचे ठसे, असे जे जे हाती लागे ते ते तो जमवी. पुष्कळ मुलांना असा छंद असतो आणि थोड्याच दिवसांत त्या वस्तू कोठेतरी अडगळीत जाऊन पडतात. ह्यूच्या बाबतीत तसे घडले नाही. जमविलेली वस्तू नीट मांडावी, तिची नोंद करावी आणि संग्रहात काय उणे आहे ते शोधून काढावे, ही त्याच्या मनाची ठेवणच होऊन गेली. या बालवयातील सवयीतूनच पुढे त्याच्या आयुष्यातील मोठे कार्य उभे राहिले.

वयाच्या सतराव्या वर्षी जर्मन भाषा शिकण्यासाठी त्याला स्टुटगार्ट येथे धाडण्यात आले. तेथून आल्प्स पर्वत फार दूर नाही. सुट्टीच्या दिवसांत तो त्या हिमाच्छादित पर्वतात जाऊ लागला आणि तेथेच त्याला गिर्यारोहणाची गोडी लागली. शिंपले आणि फुलपाखरे जमविणाऱ्या त्या मुलाच्या मनात आता शिखरांनी घर केले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ लंडनमध्ये व्यापाराचे शिक्षण घेतले. १८८० साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि नाताळ प्रांताच्या गव्हर्नरांचे खाजगी चिटणीस झाले. त्याच सुमारास केप वसाहतीचे सरकार आणि बासुटो लोक यांच्यामध्ये युद्ध पेटले होते. त्या युद्धात मन्रो एका स्वयंसेवी घोडदळाबरोबर होते. युद्ध संपल्यावर ते लिंडर्टिसला परत आले आणि जहागिरीचा कारभार पाहू लागले. १८८५ साली त्यांनी पार्लमेंटची निवडणूक लढविली. परंतु तीत त्यांना अपयश आले. राजकारणाने त्यांना हात दिला नाही. डोंगरांनी मात्र त्यांना कायमचे आपलेसे केले.

स्कॉटलंडचे हे डोंगर उंचीने काही फार मोठे नाहीत. तेथील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस हे १,३४५ मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीतील कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेव्हा कळसूबाई चढून आलेल्या मुलांस तेथील डोंगर ठेंगणे वाटतील. परंतु डोंगराचा कठीणपणा केवळ फुटांनी मोजून भागत नाही. स्कॉटलंड पृथ्वीच्या उत्तर भागात, विषुववृत्तापासून फार दूर आहे. स्काय बेट सत्तावन्न अंशांच्या अक्षवृत्ताच्याही थोडे उत्तरेस आहे. तेथे हिवाळ्यात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. समुद्रावरून येणारा वारा सकाळच्या निरभ्र आकाशात घटकाभरात ढग आणून सोडतो. माथ्यावर हिम आणि पायथ्याशी दलदल असते. ओढे पावसाने अकस्मात फुगतात आणि आलेली वाट परतीच्या वेळी बंद होते. कूलिनच्या कातळात तर लोहचुंबकाचा अंश असल्यामुळे होकायंत्राची सुईदेखील तेथे चुकीची दिशा दाखविते. अशा मुलखात एकट्याने चालणे हे धैर्याचे, आणि धैर्यापेक्षाही अधिक सावधपणाचे काम होय.

१८८९ साली स्कॉटलंडमधील काही गिर्यारोहकांनी एकत्र येऊन स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लब नावाची संस्था स्थापन केली. मन्रो हे तिच्या पहिल्या सभासदांपैकी एक होते. पुढे १८९४ ते १८९७ या काळात त्यांनी संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. ते बोलके आणि मनमिळाऊ असल्यामुळे मित्रमंडळींत त्यांच्या गप्पा मोठ्या रंगत असत. संस्थेने लवकरच आपले एक नियतकालिक सुरू केले आणि त्यातून एक साधाच प्रश्न पुढे आला. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांहून उंच पर्वत आहेत तरी किती?

या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणापाशीही नव्हते. प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तकांत अशा तीसएक शिखरांची नावे असत आणि लोकांनाही तेवढीच ती आहेत असे वाटे. ज्या देशाचे नकाशे तयार झाले होते, ज्या देशात आगगाडी धावत होती, त्या देशातील लोकांना आपल्याच पर्वतांची संख्या ठाऊक नसावी, ही आश्चर्याची गोष्ट होती. ती संख्या शोधून काढण्याचे काम मन्रो यांच्याकडे आले.

काम दिसावयास सोपे होते. परंतु हाती घेतल्यावर त्याची अवघड बाजू दिसू लागली. सरकारी मोजणी खात्याचे नकाशे होते, हे खरे. परंतु ते खोऱ्यांच्या आणि गावांच्या बाबतीत जितके तपशीलवार होते, तितके दुर्गम डोंगरांच्या बाबतीत नव्हते. कित्येक शिखरांवर उंचीचा आकडाच दिलेला नव्हता. काहींना नावच नव्हते. काही नावे तर अनेक ठिकाणी पुनःपुन्हा येत. बेन मोर म्हणजे थोरला डोंगर. आता प्रत्येक खोऱ्यातील लोकांना आपल्या शेजारचा डोंगरच थोरला वाटणार! त्यामुळे एकाच नावाचे निरनिराळे डोंगर एकमेकांत मिसळून जाण्याचा धोका होता.

मन्रो यांनी आपल्या संग्राहक वृत्तीला शोभेल अशा रीतीने कामाची मांडणी केली. लहान प्रमाणाच्या नकाशाबरोबर त्यांनी मोठ्या प्रमाणाचे, एका मैलास सहा इंच दाखविणारे नकाशेही तपासले. एकेका नकाशातील एकेक माथा त्यांनी टिपून घेतला. जेथे नकाशा मुका होता, तेथे स्वतः जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग खिळे ठोकलेले बूट, हिमकुऱ्हाड, नकाशा आणि हवेचा दाब दाखविणारे एक लहानसे यंत्र बरोबर घेऊन ते निघत.

या यंत्राचा उपयोग मोठा मजेदार आहे. आपण जसजसे उंच जातो, तसतसा आपल्यावरील हवेचा थर कमी होतो आणि तिचा दाब उतरतो. सुमारे नऊशे ते हजार फूट चढून गेले की दाब एका इंचाच्या पाऱ्याइतका कमी होतो. पायथ्याशी आणि माथ्यावर यंत्राचा काटा पाहिला म्हणजे मधली उंची अजमावता येते. परंतु वादळ जवळ आले की डोंगर न चढताही दाब उतरतो आणि यंत्र फसविते. म्हणून एका पाहणीवर विसंबून न राहता पुनःपुन्हा पाहावे लागे, जवळच्या ज्ञात शिखराशी ताडून पाहावे लागे. ज्याला उत्तर लवकर हवे असते, त्याने हे काम करू नये. मन्रो यांना उत्तर खरे हवे होते.

दुसरी अडचण याहूनही सूक्ष्म होती. एका लांब धारेवर चार उंचवटे असले, तर तो एक पर्वत म्हणावा की चार? दोन माथ्यांमधील खिंड किती खोल असली म्हणजे ते निराळे पर्वत ठरतात? याला काही ठराविक नियम नव्हता आणि मन्रो यांनीही तसा नियम घालून दिला नाही. दोन माथ्यांमधील अंतर, मधला उतार, त्यांचे स्वरूप आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्यास पडणारे श्रम हे सारे पाहून ते निर्णय करीत. म्हणून त्यांनी यादीचे दोन भाग केले. एका भागात तीन हजार फुटांहून उंच असा प्रत्येक माथा घेतला. दुसऱ्या भागात स्वतंत्र पर्वत म्हणून गणता येतील तेवढेच घेतले.

१८९१ साली ही यादी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण ५३८ माथे होते आणि त्यांपैकी स्वतंत्र पर्वत होते २८३. जेथे लोकांनी तीसएक पर्वत धरले होते, तेथे नऊ पटींहून अधिक निघाले! डोंगर काही नव्याने उगवले नव्हते. ते पूर्वीपासून तेथेच उभे होते. कोणी मोजले नव्हते, एवढेच.

यादी छापली गेली म्हणून मन्रो यांचे काम संपले नाही. प्रत्येक शिखरावर स्वतः जावे, यादीतील नोंद डोळ्यांनी पडताळून पाहावी, असा त्यांनी निश्चय केला. जहागिरीच्या कारभारातून वेळ काढून, वर्षानुवर्षे, ते देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिले. आगगाडी जेथे थांबे, तेथून घोडागाडीने आणि घोडागाडीची वाट संपे, तेथून पायी, असा त्यांचा प्रवास चाले. एका खोऱ्यातून चढून धारेवरील शिखरे घ्यावीत आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरावे, हे त्यांना विशेष आवडे. हिवाळ्यातही ते थांबत नसत. अंगावरचे कपडे गोठून ताठ होत, तरी शिखरावर पोहोचल्यावर नकाशा उघडून आसपासचे माथे ओळखण्याचे आपले काम ते चुकवीत नसत.

त्या काळी डोंगरांत हिंडण्यास आणखी एक अडथळा होता. डोंगराळ मुलखातील विस्तीर्ण जमिनी मोठमोठ्या जमीनदारांनी हरणांच्या शिकारीसाठी राखून ठेवल्या होत्या. शिकारीच्या दिवसांत परक्या माणसाने तेथे पाऊल टाकू नये, म्हणून राखणदार लक्ष ठेवीत. डोंगरांवर सर्वांना फिरता यावे, यासाठी १८८४ साली पार्लमेंटात एक विधेयक मांडले गेले होते. परंतु ते संमत झाले नाही. मन्रो स्वतः जमीनदार असल्यामुळे त्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. कोणाशी तंटा नको आणि आपले कामही अडावयास नको, म्हणून अशा मुलखात ते पुष्कळदा रात्रीच्या वेळी, चांदण्याच्या उजेडात शिखरे चढत. निजलेल्या खोऱ्यावर, हातात हिमकुऱ्हाड घेऊन चांदण्यात एकटेच वर जाणारे हे गृहस्थ पाहून एखाद्या धनगरास काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी! पुढे तब्बल एक शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००३ सालच्या कायद्याने, इतरांस त्रास न देता डोंगरांवर हिंडण्याचा हक्क स्कॉटलंडमध्ये सर्वांना मिळाला.

मन्रो यांचे भ्रमण चालू असतानाच एक निराळी घटना घडली. आर्चिबाल्ड रॉबर्टसन नावाचे एक तरुण धर्मोपदेशक तीच यादी हाती घेऊन डोंगर चढू लागले होते. ते चपळ होते, कातळ चढण्यात तरबेज होते. अगम्य सुळकाही त्यांनी सर केला. १९०१ साली ग्लेन्को खोऱ्याच्या वरील एका शिखरावर त्यांनी आपले शेवटचे पाऊल ठेवले आणि यादीतील सर्व पर्वत चढून जाणारे पहिले पुरुष म्हणून त्यांचे नाव झाले. यादी मन्रो यांची. ती पुरी करण्याचा मान मात्र दुसऱ्यास मिळाला.

असा प्रसंग आला असता एखाद्याने हातचे काम टाकून दिले असते. दुसरा एखादा आपल्या यादीत फेरफार करून अवघड शिखरे वगळण्याच्या मोहात पडला असता. यादी करणारे तेच होते. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे त्यांच्याच हाती होते. परंतु मन्रो यांनी या दोहोंपैकी काहीच केले नाही. ते चालतच राहिले आणि नव्या पाहणीत जे जे आढळे, ते ते टिपून ठेवीत राहिले. नकाशांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत, इतर गिर्यारोहकांची मापे हाती येत. त्यांवरून आपल्या जुन्या आकड्यांतील चुका ते स्वतःच शोधून काढीत. आपली चूक दुसऱ्याने दाखवावी, याची त्यांनी वाट पाहिली नाही.

हळूहळू न चढलेली शिखरे कमी कमी होत अगदी मोजकी उरली. त्यांपैकी दोहोंची कथा सांगण्यासारखी आहे. एक होते कार्न क्लोइच-वूलिन. या नावाचा अर्थ जात्याच्या दगडाची टेकडी असा होतो. ते केर्नगॉर्म पर्वताच्या भागात, मन्रो यांच्या घरापासून त्या मानाने जवळ आणि चढण्यास सोपे होते. आपल्या भ्रमणाची सांगता याच शिखरावर करावी, असे त्यांनी ठरविले होते आणि म्हणून ते मुद्दाम मागे ठेवले होते. दुसरा होता कोरुस्क सरोवरावरील तो अगम्य सुळका. मन्रो हे मजल दरमजल चालणारे चिवट पांथस्थ होते. उभा कातळ चढणारे वीर नव्हते. त्या सुळक्यावर जाण्यास कसबी सोबती, दोर आणि कोरडी हवा ही तिन्ही एकाच वेळी जुळून यावी लागत. कूलिनच्या धारेवर कोरडी हवा मिळणे ही दैवाचीच गोष्ट! इतर शिखरे झाली. पण हा सुळका मात्र राहून गेला.

१९१३ साली वडिलांच्या मागून मन्रो यांना सर ही पदवी वारशाने मिळाली. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. मन्रो यांचे वय तेव्हा अठ्ठावन्नच्या घरात होते. सैन्यात जाण्याचे ते वय नव्हते. परंतु घरी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. युद्धाच्या अखेरीस ते फ्रान्समध्ये गेले आणि देशाच्या दक्षिणेकडील तारास्कों या गावी येणाऱ्याजाणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी एक उपाहारगृह उभारले. थकलेल्या सैनिकांना गरम पेय आणि चार घास देण्याचे काम त्या वयात त्यांनी आवडीने पत्करले. युद्ध संपले, परंतु तेथेच ते आजारी पडले आणि १९ मार्च १९१९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

कार्न क्लोइच-वूलिनवर साजरा व्हावयाचा समारंभ झालाच नाही. कोरुस्कवरील सुळकाही तसाच राहिला. शेकडो शिखरे चढलेल्या या पुरुषाच्या नोंदीत थोड्या जागा कोऱ्याच राहिल्या.

त्यांच्यामागे त्यांची टिपणे मात्र नीट लावून ठेवलेली होती. त्यांच्या आधाराने संस्थेने १९२१ साली सुधारलेली यादी प्रसिद्ध केली. पहिल्या यादीत एक विसंगती होती. स्गूर डेअर्ग या डोंगराचा जो रुंद माथा आहे, तोच मुख्य पर्वत धरला होता आणि त्याच्या शेजारचा अगम्य सुळका त्याहून काही मीटर उंच असूनही त्याला केवळ दुय्यम माथा ठरविले होते. नव्या यादीत ही चूक दुरुस्त झाली आणि सुळक्याला पर्वताचा मान मिळाला. सुळका जर पूर्वीप्रमाणे दुय्यमच राहिला असता, तर मन्रो यांचे पर्वतांपुरते अपुरेपण थोडे झाकले गेले असते. परंतु खरी उंची ज्याची, मान त्याचा, हाच न्याय योग्य होता आणि मन्रो यांनी आयुष्यभर तोच पाळला होता.

त्यानंतरही यादी बदलत राहिली. १९८१ सालच्या दुरुस्तीत कार्न क्लोइच-वूलिन हा शेजारच्या मोठ्या डोंगराचाच एक भाग ठरला आणि स्वतंत्र पर्वतांतून त्याचे नाव वगळले गेले. ज्या शिखरावर मन्रो आपल्या व्रताचे उद्यापन करणार होते, ते आज मन्रो म्हणून गणलेच जात नाही! २००९ साली उपग्रहांच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्रांनी दुसऱ्या एका पर्वताची उंची पुन्हा मोजण्यात आली. ती ९१४.४ मीटर, म्हणजे तीन हजार फूट, भरावयास हवी होती; तीत एक मीटरभर उणे आढळले. तेवढ्यावरून त्या पर्वताचे नाव यादीतून काढून टाकण्यात आले. २०१२ साली आणखी एक पर्वत याच कारणाने गळला आणि संख्या २८२ झाली. ज्या डोंगरावर हजारो माणसे मन्रो म्हणून चढून गेली, तो एका मीटरसाठी वगळावा, हे कोणास कठोर वाटेल. परंतु मोजणीत दयामाया दाखविली की ती मोजणी राहत नाही.

आजवर सात हजारांहून अधिक माणसांनी ही सर्व शिखरे पुरी केल्याची नोंद झाली आहे. त्यांत तरुण आहेत, वृद्ध आहेत. कोणी काही आठवड्यांत, तर कोणी चाळीस वर्षांत ही परिक्रमा पुरी केली आहे. त्यांतील कितीतरी जणांना कोरुस्क सरोवरावरील सुळक्यापाशी येताच धडकी भरते. मग सोबती दोर धरतो, पाय अरुंद धारेवर जपून पडतात आणि अखेर माथा हाती येतो. हवा स्वच्छ असेल तर तेथून खाली कोरुस्कच्या बाजूच्या काळ्या कातळांच्या दऱ्या, चोहोंकडे कूलिनची दातेरी धार आणि पलीकडे पसरलेला समुद्र दिसतो. हे दृश्य मन्रो यांना त्या जागेवरून कधीच पाहावयास मिळाले नाही. इतरांना मात्र ते त्यांच्यामुळेच पाहावयास मिळाले.

एखादे काम आपल्या हातून पुरे झाले नाही, तर ते वाया गेले असे आपण समजतो. मन्रो यांनी जे काम मागे ठेवले, ते अपुरे होते, पण खोटे नव्हते. जे चढले ते चढले म्हणून आणि जे राहिले ते राहिले म्हणून त्यांनी नोंदविले. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्यांच्या यादीवर विश्वासाने पाऊल टाकता आले, तिच्यातील चुका सुधारता आल्या आणि त्यांनी जेथे वाट सोडली, तेथून पुढे जाता आले. स्कॉटलंडच्या डोंगरांत त्यांचे नाव कोणत्याही दगडावर कोरण्याची आवश्यकता उरलेली नाही; तेथील प्रत्येक उंच शिखरालाच लोक त्यांच्या नावाने ओळखतात.